दोघं भाऊ एकदम जाऊ शकत नाहीत

परदेशात कामाला जाऊन आलेल्या माणसाला तिथला देश विचारू नका. त्याने तो बघितलेला नसतो. खोली, बस आणि साईट, एवढंच बघितलेलं असतं. त्याला कागद विचारा. व्हिसा, परमिट, मेडिकल, शिक्का. मग तो दिवसभर बोलेल. या गोष्टी वाळलेल्या मिरचीसारख्या असतात. ढिगातून एक उचलायला जावं, तर देठात देठ अडकून चार वर येतात.

आमच्या घरी नंदुरबारात सध्या रोज कोणी ना कोणी बसायला येतं. शकीलभाई गेला त्याला दोन महिने झाले. येणाऱ्याला काय बोलावं ते कळत नाही, मलाही कळत नाही. मग कोणीतरी विचारतं, "मुनाफ, कसं होतं रे तिकडे, दुबईला?"

आम्ही दुबईत नव्हतोच. पण आमच्या गल्लीत समुद्रापलीकडच्या सगळ्या देशांना दुबई म्हणतात, म्हणून मीही दुरुस्त करत बसत नाही. कागदांचे किस्से सांगायला लागतो.

भाई हे किस्से माझ्यापेक्षा चांगले सांगायचा. तो दहावी पास होता. मी सातवीतून पळालो. आमच्या खोलीतल्या सगळ्यांचे फॉर्म तोच भरायचा, ओळीत बसवून, एकेकाला हाक मारून. एकच फॉर्म असा होता की तो मला भरावा लागला. भाईला घरी आणायचा. त्याचाही किस्सा आहे. तो शेवटी सांगतो, कारण तो आधी सांगितला तर बाकीचे माझ्याने सांगवणार नाहीत.

*

आमचे अब्बा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या-रजया भरून द्यायचे. थंडीच्या आधी गुजरातकडच्या गावांत फिरायचे आणि भाईला सोबत घेऊन जायचे. त्यामुळे भाईचं नाव शाळेत वेळेवर पडलंच नाही. तो माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, पण अम्मी आम्हा दोघांना एकाच दिवशी पहिलीत घालायला घेऊन गेली.

हेडगुरुजींनी विचारलं, "जन्मतारीख?"

अम्मी म्हणाली, "बडा मिरची की तुडाई में हुआ. छोटा उसके तीन साल बाद, रमजान में."

गुरुजींनी दोघांच्या नावापुढे एक जून लिहिलं. वर्षही एकच. त्यांनी वर्गाचं वय बघितलं, पोरांचं नाही बघितलं. आमच्याकडे गुरुजी तसंच करायचे. ज्याची तारीख माहीत नाही त्याची एक जून.

पुढे आम्ही विमानातून उतरलो तेव्हा नंदुरबारकडची अकरा माणसं एका रांगेत होती. त्यांतल्या सात जणांच्या पासपोर्टवर एक जून. काचेमागचा अधिकारी तिसऱ्या पासपोर्टला थांबला, पाचव्याला हसला, सातव्याला त्याने वरच्या साहेबाला बोलावून आणलं. साहेबाने विचारलं, "या तारखेला तुमच्या देशात झालं तरी काय होतं?"

पुढे आण्णा उभे होते. पुरुषोत्तमनगरचे, साखर कारखान्यात फिटर होते, आमच्यात सगळ्यात वयस्कर. ते म्हणाले, "कुछ नहीं साहब. उस दिन स्कूल में नाम डालते हैं."

साहेबाने आम्हाला सोडलं. बसमध्ये मी भाईला म्हटलं, आपण तर कागदावर जुळे झालो. भाई म्हणाला, "मी तीन वर्षं थांबलो तुझ्यासाठी. म्हटलं, एकट्याने काय जन्मायचं."

*

आमच्यात धडगावकडचा एक पावरा आदिवासी होता, बुधा. सातपुड्यातला. त्याच्या पासपोर्टवर नुसतं बुधा. आडनाव नाही, बापाचं नाव नाही. गावात लागलंच नव्हतं.

मेडिकलच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ते चालेना. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये दोन रकाने होते आणि दुसरा रिकामा ठेवला की तो पुढे सरकत नव्हता. त्याने हिंदीत विचारलं, "एक ही नाम? दूसरा नाम कहाँ है?"

बुधाने मागे वळून बघितलं. मग खिडकीला तोंड लावून शांतपणे म्हणाला, "साहेब, एकटाच आलोय."

भाई पुढे झाला आणि दुसऱ्या रकान्यात त्याने परत बुधाच लिहायला लावलं. कार्ड आलं ते 'बुधा बुधा' असं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बुधा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. भाईला म्हणाला, "दुसरा बुधा तू दिलास. त्याला पण जेवायला घालत जा." त्यानंतर भाई रोज त्याच्या ताटात एक रोटी जास्त टाकायचा. चार वर्षं टाकली.

*

परमिटवर जे काम लिहिलेलं असतं ते काम माणूस करत असतो, असं कोणी समजू नये. एजंटकडे ज्या कामाचे व्हिसा उरलेले असतात त्यावर माणसं पाठवतात. भाईच्या कार्डावर माळी होतं. माझ्या कार्डावर सुतार. दोघंही स्लॅबचं लोखंड बांधायचो. आण्णांच्या कार्डावर स्वयंपाकी होतं आणि ते दिवसभर पाईप जोडायचे.

एकदा तपासणीवाला साईटवर आला. आण्णा पळाले नाहीत, त्यांच्या गुडघ्यात पळण्याचं राहिलं नव्हतं. हातात मोठा पाना घेऊन उभे राहिले.

तपासणीवाल्याने कार्ड बघितलं, पाना बघितला. "स्वयंपाकी आहेस ना? मग हे काय?"

आण्णा म्हणाले, "साहब, हमारे तरफ मिर्ची इसी से कूटते हैं."

मी म्हटलं, गेले आण्णा. पण तो माणूस वाकड्यात शिरणारा होता. म्हणाला, कुटून दाखव. भाईने त्याला कॅम्पच्या स्वयंपाकघरात नेलं. आण्णांनी घरून आणलेली मिरची खरंच पान्याने ठेचली आणि शेवभाजी केली. भाजी खाताना तपासणीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो थांबतही नव्हता आणि बोलतही नव्हता. आण्णा आमच्या अहिराणीत भाईला हळूच म्हणाले, "शकील, मानूस रडी ऱ्हायना रे. सोडी दी आते."

सोडलं त्याने. पुढच्या आठवड्यात परत तपासणीला आला. या वेळी सोबत दोन साहेब होते आणि तिघांनीही सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.

*

आता माझा. मला राग लवकर येतो. घरच्यांना माहीत आहे, गल्लीला माहीत आहे.

पहिल्या वर्षी फोरमनने मला बुधासमोर शिवी दिली. कार्ड दाखव म्हणाला, तुझं नाव लिहून घेतो. मी म्हटलं, घे कार्ड, आणि फेकलं. चौथ्या मजल्याचा स्लॅब भरत होते. कार्ड सरळ ओल्या काँक्रीटमध्ये पडलं आणि वरून पंपाचं दुसरं काँक्रीट आलं.

कार्ड नसलेला माणूस तिथे माणूसच नसतो. रस्त्यावर कोणीही धरून नेऊ शकतो.  भाई सुट्टीच्या दिवशी मला घेऊन पोलीस चौकीत गेला, कारण नवं कार्ड हवं तर आधी हरवल्याची तक्रार लागते.

पोलिसाने विचारलं, "कुठे हरवलं?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाजारात. भाईला खोटं लिहून द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, "हरवलं नाही साहेब. कुठे आहे ते माहीत आहे. चौथ्या मजल्यावर आहे."

"मग घेऊन या."

"त्यासाठी बिल्डिंग पाडावी लागेल."

पोलिसाने पेन खाली ठेवलं आणि आम्हा दोघांकडे बघितलं. "कोणाचं कार्ड?" भाईने माझ्याकडे बोट केलं नाही. म्हणाला, "आमचं."

*

आमच्या कंपनीत एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण होता. एका घरची दोन माणसं असतील तर दोघांना एकदम सुट्टी नाही. एक गेला की दुसरा मागे राहणार, म्हणजे गेलेला परत येतोच. कंपनीत सरकारी कागद फिरवणारा जो माणूस असतो त्याला तिथे मंदूब म्हणतात. पासपोर्ट त्याच्याच कपाटात असायचे. सुट्टीचा अर्ज घेऊन गेलं की मंदूब बोट वर करून सांगायचा, "दोन भाऊ एकदम नाही."

त्यामुळे चार वर्षांत आम्ही दोघं एका वेळी घरी कधी नव्हतो. भाईच्या मुलीच्या जन्माच्या वेळेस तो आला, मी तिथे. अब्बा गेले तेव्हा मी आलो, तो तिथे. खरं तर अब्बांच्या वेळेस पाळी त्याची होती. मी रडून दंगा केला, भिंतीवर डोकं आपटलं, तेव्हा त्याने आपला अर्ज फाडून माझा लिहिला. मी अब्बांना खांदा दिला. भाईने तो मोबाईलवर बघितला.

अम्मी फोनवर नेहमी विचारायची, "दोनों कब आते?" भाई म्हणायचा, "अम्मी, एक-एक करके आते ना. दोन आलो तर तुझ्या रोट्या पुरणार नाहीत."

*

आता तो किस्सा.

त्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत भाई पाण्याच्या टाकीच्या सावलीत टेकून बसला होता. मी बोलावलं. बुधा म्हणाला, झोपलाय, झोपू दे. सुट्टी संपली तरी उठला नाही. मी त्याला हलवलं. रागावलो पण. म्हटलं, उठ ना, फोरमन येतोय. शेवटचं मी त्याच्यावर रागावलो.

हॉस्पिटलने कागदावर हृदय लिहिलं.

कॅम्पच्या मशिदीतले मौलाना म्हणाले, इथेच दफन करा, उशीर बरा नाही, माती सगळीकडे अल्लाहचीच आहे. ते बरोबर बोलत होते. मी अम्मीला फोन लावला. भाभीचं रडणं मागे ऐकू येत होतं. अम्मी रडत नव्हती. ती म्हणाली, "मेरे कू उसका मुँह देखना है. तू उसको लेके आ. दोनों आओ."

मग माझ्यासाठी दुसरं काही उरलं नाही. दोघांनी घरी यायचं.

हॉस्पिटलचा कागद झाला, पोलिसांचा झाला, आपल्या वकिलातीचाही झाला. आण्णा आणि बुधा रजा टाकून माझ्यासोबत फिरत होते. राहिला एक. भाईचं परमिट बंद करायचं. ज्याचं परमिट चालू आहे त्या माणसाची पेटी विमानात चढत नाही. तिथला कॉम्प्युटर म्हणतो, हा माणूस अजून कामावर आहे. शवागारवाल्यांनी सांगून ठेवलं होतं, गुरुवारपर्यंत कागद आणा, पुढे ऑफिसं बंद. नाहीतर आम्ही इथेच दफन करू.

मी मंदूबकडे गेलो. त्याने फाईल उघडली आणि सवयीने बोट वर केलं. "दोन भाऊ एकदम..."

एवढं बोलून तो थांबला. त्याने हळूच बोट खाली घेतलं. मग माझा पासपोर्ट कपाटातून काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः भाईचा कागद घेऊन सरकारी ऑफिसात गेला.

बुधवारी दुपारी आम्ही शवागाराच्या बाकड्यावर बसलो होतो. माझा मोबाईल वाजला. मेसेज होता. मी आण्णांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला. मग माझा हात धरला आणि म्हणाले, "मुनाफ, हाई तुन्हं नाव शे."

झालं असं होतं. सरकारी ऑफिसातल्या खिडकीवरच्या कारकुनाने आडनाव आणि जन्मतारीख टाकून नाव शोधलं. पिंजारी, एक जून, तेच वर्ष, तोच बाप, तीच आई, तीच कंपनी. पहिली ओळ आली ती माझी. त्याने ती बंद केली. कारण मृत्यू.

म्हणजे कागदावर मी मेलो आणि भाई कामावर होता. मेलेला म्हणून मला विमानात बसता येईना. जिवंत म्हणून भाईची पेटी चढेना.

मी पळत त्या ऑफिसात गेलो आणि खिडकीच्या काचेवर हात आपटला. ओरडलो, मी जिवंत आहे, बघा. दोन शिपायांनी मला बाहेर आणून पायरीवर बसवलं. बुधा माझ्याशेजारी बसला.  त्याने माझ्या पायातून पडलेली चप्पल आणून परत पायात घातली.

मंदूब घामाने भिजून बाहेर आला. म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज करता येतो. वरच्या मजल्यावर मोठा अधिकारी आहे, तो एका सहीत एक बंद आणि एक चालू करू शकतो. पण अर्जात कारकुनाची चूक लिहू नका. चूक लिहिली की चौकशी बसते. चौकशी बसली की दोन आठवडे.

आण्णा चिडले. "चूक त्याची शे ना? मंग काय लिखाणं? पोऱ्या मरीसन परत उना असं?"

मंदूबने दोन्ही हात जोडले. "काही पण लिहा. चूक नका लिहू."

गुरुवारी ऑफिस उघडायच्या आधी आम्ही बाहेरच्या टायपिंगच्या दुकानात होतो. अर्ज अरबीत टाईप करून लागतो. टाईप करणारा केरळचा होता, पिकल्या केसांचा. त्याने दोन्ही पासपोर्ट समोर ठेवले, भाईचा मृत्यूचा कागद ठेवला, नावं टाकली. मग एका रकान्यापाशी त्याची बोटं थांबली.

"बंद हुआ आदमी को वापस चालू करने का कारण," तो म्हणाला. "इधर क्या लिखेगा?"

आण्णा माझ्याकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडे बघितलं. असलं सगळं नेहमी भाई सांगायचा. काय लिहिलं की चालतं, काय लिहिलं की अडकतं, ते त्याला माहीत होतं. मला फक्त खरं काय ते माहीत होतं.

मी म्हटलं, "लिखो, इसको अपने भाई को घर लेके जाना है."

तो म्हणाला, "ऐसा नहीं लिखते. बीमारी लिखते, छुट्टी लिखते."

"लिखो."

त्याने लिहिलं.

वरच्या मजल्यावरचा अधिकारी म्हातारा होता. पांढरे कपडे, डोक्यावर पांढरं कापड. त्याच्या टेबलावर बरेच अर्ज होते आणि तो एकेक न बघितल्यासारखा बघून बाजूला टाकत होता. आमचा आला. मंदूब माझ्यापुढे उभा राहून अरबीत काहीतरी सांगायला लागला. अधिकाऱ्याने हात करून त्याला गप्प केलं आणि वाचलं. कारणाच्या ओळीवर बोट ठेवून परत वाचलं. माझ्याकडे मान वर करून बघितलं. मला वाटलं, आता विचारेल. 

दोन शिक्के मारायचे होते. पहिला माझं परमिट चालू करायचा. तो त्याने बसूनच मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

मग भाईचा कागद समोर घेतला. खुर्ची मागे सारली. डोक्यावरचं कापड दोन्ही हातांनी नीट केलं, उभा राहिला, आणि तो शिक्का त्याने उभ्याने मारला.